मेयरचा हातमोजा

एडवर्ड राजा पुन्हा गादीवर बसला याचं अ‍ॅव्हिसला ना सुख होतं ना दुःख. तो समुद्रापलीकडे पळाला तेव्हाही तिच्या पिंपातली जवाची दारू जशी आंबायची तशीच आंबली होती आणि तो परत आला तेव्हाही तशीच आंबत होती. तंटा राजघराण्यातला, भाऊबंदांचा. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी सरदारांनी एडवर्डला पळवून लावलं, किल्ल्यात कोंडलेल्या म्हाताऱ्या हेन्रीला हाताला धरून बाहेर आणलं आणि मुकुट चढवला. वसंत आला तसा एडवर्डही परत आला. उतरताना म्हणे, मला गादी नको, फक्त बापाची जहागीर द्या. मग दोन लढाया मारल्या, गादी घेतली आणि म्हातारा पुन्हा किल्ल्यात. मोठ्या घरचे तंटे मोठ्यांनीच निस्तरावेत, नाही का? पण निस्तरायच्या वेळी मोठे कुठे सापडतात! या तंट्यापायी आल्डरफर्डच्या वेशीखालच्या ओल्या कोठडीत बसला होता अ‍ॅव्हिसचा भाऊ, हेमो.

हेमोचा गुन्हा एवढाच, की त्याने घंटा वाजवल्या.

तो गावच्या चर्चचा घंटावाला होता. बाप गेल्यावर मनोऱ्यातले दोर त्याच्या हाती आले. त्याला दुसरं काही फारसं येत नव्हतं आणि घंटांच्या बाबतीत त्याचं फारसं काही चुकत नव्हतं. आल्डरफर्डमध्ये प्रार्थनेच्या घंटा पाद्र्याच्या सांगण्यावरून वाजत, पण राजाच्या घंटा, म्हणजे राज्याभिषेक, विजय, युवराजाचा जन्म, या मेयरच्या हुकमाने वाजत. आणि मेयर हुकूम तोंडाने देत नसे. मेयरचा नोकर मेयरचा उजव्या हाताचा हातमोजा घेऊन मनोऱ्यात येई. घंटावाला तो दोराशेजारच्या खिळ्याला अडकवी, वाजवायला सुरुवात करी, आणि वाजवून झालं की दुसऱ्या दिवशी हातमोजा झटकून, घडी घालून परत नेऊन देई. बापजाद्यांपासून चालत आलेला रिवाज.

म्हाताऱ्या हेन्रीची बातमी आली त्या दिवशीही हातमोजा आला होता. पिवळ्या हरणाच्या कातड्याचा, मनगटावर हिरवी वेलबुट्टी. अ‍ॅव्हिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, कारण वाजवणाऱ्यांना दारू पोचवायचं काम तिचं. तीन घंटा, तीन माणसं. थोरली हेमोकडे, मधली लँबर्ट पिंपवाल्याकडे आणि धाकटी फुल्क रंगाऱ्याकडे. मेयर रॅनल्फ पिगट तर खाली चौकात टोपी उडवून नाचत होते. नाचता नाचता चिखलात बसले होते हेही अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

आणि आता? आता एडवर्डचा माणूस, सर जेर्वेस, शिपाई घेऊन गावात उतरला होता. कुठल्या गावाने हेन्रीच्या नावाने आनंद केला याची चौकशी करत तो राजाच्या पुढे पुढे चालला होता. त्याने विचारल्याबरोबर मेयरनी कानावर हात ठेवले.

"आनंद? आमच्या गावात? हुजूर, आम्ही तर दारं लावून बसलो होतो. तो एक घंटावाला आहे, डोक्याने जरा कमीच. त्याने आपल्या मर्जीने दोर ओढले."

सर जेर्वेसला एक माणूस हवा होता, तो मिळाला. घंटा वाजवून बंडखोरीला साथ दिली, शिक्षा फाशी. सोमवारी सकाळी हेमोला वेशीखाली कोंडलं. एकच वाट उरली होती, गावच्या जुन्या कायद्याची. आरोपीने शपथेवर आपलं म्हणणं सांगायचं आणि गावातल्या सहा घरंदाज पुरुषांनी त्याच्यामागे उभं राहून, पवित्र ग्रंथावर हात ठेवून म्हणायचं, याची शपथ खरी आहे. सहा मिळाले तर सुटका. हा कायदा मोडायची सर जेर्वेसचीही तयारी नव्हती, कारण गावाची सनद राजाच्या पूर्वजांनी दिलेली. गुरुवारी दुपारपर्यंत मुदत दिली.

"सहा कशाला, साठ येतील," असं हेमो कोठडीच्या गजांतून म्हणाला. तोंडात बहिणीने आणलेली काळी पोळीवजा भाकरी आणि चीज होतं. "सगळ्यांनी हातमोजा पाहिलाय."

"आणि तो हातमोजा आता कुठे आहे?" अ‍ॅव्हिसने विचारलं.

"परत दिला की. दुसऱ्या दिवशी. झटकून."

"झटकून! अरे मूर्खा, तो तुझ्याकडे असता तर आज त्या पिगटच्या तोंडावर मारला असता मी."

"परत द्यायचाच असतो, अ‍ॅव्हिस. रिवाज आहे. ठेवून घेतला तर चोरी होईल."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याने अख्खा माणूस विकून खाल्ला तो मेयर, आणि याला काळजी हातमोज्याच्या चोरीची! पण भावाच्या दाढीत अडकलेले भाकरीचे कण बघून तिला रागावताही येईना. तिने गजांतून हात घालून ते झटकले आणि ती निघाली.

लँबर्टच्या अंगणात नव्या लाकडाचा वास सुटला होता. तो पिंपाला लोखंडी कडं चढवत होता. तिला पाहताच त्याने हातोडा असा काही जोरात सुरू केला, की जणू ती फाटकात उभीच नव्हती.

"लँबर्ट, कान शाबूत आहेत तुझे, मला ठाऊक आहे," ती ओरडली. "गुरुवारी यायचंय. शपथेला."

हातोडा थांबला. "माझी बायको पोटुशी आहे, अ‍ॅव्हिस."

"शपथ तुला घ्यायचीय. बायकोला नाही."

"तसं नाही गं. हेमोने हुकमाने वाजवल्या असं मी म्हणालो, तर मेयर खोटे ठरतात. आणि मला हे ठाऊक कसं, असं त्या सरदाराने विचारलं तर? तर काय सांगू? मी शेजारच्या दोराला लटकलो होतो म्हणून?"

"होतासच की लटकलेला! आणि खाली उतरून माझी अर्धी बादली दारू ढोसलीस. वर म्हणालास, अ‍ॅव्हिस, यंदा पातळ झालीय."

"पातळच होती," लँबर्ट खाली मान घालून म्हणाला आणि पुन्हा हातोडा उचलला.

फुल्क रंगाऱ्याने निदान दार तरी उघडलं. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि चेहरा पांढराफटक. तो आत ये म्हणेना आणि दारही लावेना.

"मी येतो की," तो म्हणाला. "बाकीचे पाच आण. पाच उभे राहिले की सहावा मी."

"लँबर्टही हेच म्हणेल."

"मग त्याला आधी उभा कर."

"तू भित्रा आहेस, फुल्क."

"हो, आहे," फुल्क म्हणाला. "मोठे सरदार दर सहा महिन्यांनी टोपी फिरवतात आणि त्यांना जहागिऱ्या मिळतात. मी एकदा दोर ओढला. मला काय मिळणार? दुसरा दोर. अ‍ॅव्हिस, माझा हेमोवर जीव आहे. खरंच आहे. पण मान एकच आहे."

"त्याचीही एकच आहे," ती म्हणाली. त्यावर फुल्कने दार लावलं. हळूच लावलं, आणि त्याच्या त्या हळूपणाचा तिला जास्त राग आला.

मग तिने गावातले सगळे उंबरे झिजवले. खाटिक म्हणाला त्या दिवशी मी बाहेरगावी होतो. चौकात त्यानेच मेयरना चिखलातून उठवलं होतं. पाव भाजणारा म्हणाला मला ऐकूच कमी येतं. तीन घंटा दिवसभर वाजल्या आणि याला ऐकूच आल्या नाहीत! मेणबत्तीवाल्याने तर तिला पाहून खिडकी लावली, भर दुपारी, आणि आत अंधारात धडपडल्याचा आवाज आला. पाद्री ऑस्मंडनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की चर्चने राजकारणात पडू नये.

"घंटा चर्चच्या आहेत, पाद्रीबाबा."

"घंटा चर्चच्या, पण नाद मेयरचा," पाद्री म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते लक्षात येताच घाईघाईने पुढे बोलले, "म्हणजे, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही."

"मग गुरुवारी लोकांच्या वतीने म्हणा."

पाद्र्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. तिने थोडा वेळ वाट पाहिली. प्रार्थना संपण्याचं चिन्ह दिसेना.

बायका मात्र आल्या. लँबर्टची पोटुशी बायको स्वतः अ‍ॅव्हिसच्या दारात आली आणि म्हणाली, मी घेते शपथ, मी पाहिलाय हातमोजा. फुल्कची सासूही आली. पण बाईची शपथ पुरुषाच्या मानेसाठी चालत नाही. बाईने दारू गाळलेली चालते, पोर जन्माला घातलेलं चालतं. खरं बोललेलं तेवढं चालत नाही. अ‍ॅव्हिसने दोघींना एकेक वाडगा दारू दिली आणि तिसरा स्वतःसाठी भरला.

बुधवारी संध्याकाळी एक स्वार दौडत आला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. राजा उद्या सकाळी लंडनच्या वाटेवर जाताना आल्डरफर्डवरून जाणार होता. स्वतः राजा! मेयरनी रात्रीत चौक झाडून घेतला, खिडक्यांवर गालिचे लटकवले, हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांच्या कमानी उभ्या केल्या. कोंबड्या कापल्या, कबुतरं भाजायला टाकली. सगळं झालं. सकाळ झाली आणि मग कुणाला तरी आठवलं, की राजा वेशीत आला आणि घंटा वाजल्या नाहीत तर तो सरळ अपमान समजतात. आधीच हेन्रीसाठी वाजवल्याचा ठपका. वर एडवर्डसाठी मौन! सर जेर्वेसने मग एक नाही, दहा माणसं लटकवली असती, आणि त्यात पहिली मान मेयरच्या सोन्याच्या साखळीतली असती.

मेयरनी हातमोजा पाठवला लँबर्टकडे. लँबर्ट म्हणाला, माझी कंबर धरलीय. हातमोजा गेला फुल्ककडे. फुल्क म्हणाला, माझे हात निळे आहेत, दोर खराब होईल. तो पिवळा हातमोजा सकाळभर गावात दारोदार फिरत होता आणि त्याला कुणी शिवत नव्हतं. आज ज्याच्यासाठी वाजवायचं तो उद्या पळाला तर? म्हाताऱ्याला पुन्हा कुणी हाताला धरून बाहेर आणलं तर? वाजवणाऱ्याचं काय होतं ते वेशीखालच्या गजांतून सगळ्यांना दिसत होतं. शेवटी मेयरचा नोकरच मनोऱ्यात गेला. त्याने थोरल्या घंटेचा दोर जीव खाऊन ओढला, घंटा फिरली, दोर वर गेला आणि दोराबरोबर नोकरही वर गेला. एकच घाणेरडा टोला पडला. खाली आलेल्या माणसाला दोन बायकांनी उचलून घरी नेलं आणि अ‍ॅव्हिसने मनोऱ्याला कुलूप घालून किल्ली आपल्याकडे ठेवली.

मग मेयर रॅनल्फ पिगट स्वतः अ‍ॅव्हिसच्या दारात आले. अंगात लाल झगा, गळ्यात साखळी, आणि हातात तोच हातमोजा.

"अ‍ॅव्हिसबाई," ते म्हणाले. कालपर्यंत ती 'ए दारूवाली' होती. "तुमच्या भावाला तासाभरासाठी सोडतो. वाजवू दे त्याला. तोच त्या दोघांना बोलावून घेईल. राजासाहेब खूष झाले तर मी स्वतः रदबदली करीन."

"झाले नाहीत तर?"

"होतील हो."

"म्हणजे माझ्या भावाने सकाळी राजाचं स्वागत करायचं आणि दुपारी त्याच राजाच्या नावाने लटकायचं. बरोबर ना?"

"तू असं वाकड्यात का शिरतेस, बाई? हे घे." मेयरनी हातमोजा पुढे केला. "नेऊन दे त्याला."

अ‍ॅव्हिसने हात पाठीमागे घेतले. गेले चार दिवस गावाने तिच्याशी जे जे केलं होतं ते सगळं तिला एकदम आठवलं. हा माणूस तिच्या दारात उभा राहून तिच्याकडेच मदत मागत होता, आणि हुकूम तोंडाने न देता, एका कातड्याच्या तुकड्याने! उद्या तो तुकडा परत जाईल, पेटीत जाईल, आणि हेमोच्या नशिबी तेच वेशीखालचं भोक.

"हातमोजा नको," ती म्हणाली. "तोंड हवं."

"काय?"

"तोंड. तुमचं. चौकात, दगडी क्रुसाच्या पायऱ्यांवर चढा आणि त्या सरदाराच्या देखत मोठ्याने म्हणा, हेमो, मी रॅनल्फ पिगट तुला हुकूम देतो, घंटा वाजव. त्याशिवाय मनोऱ्याची किल्ली मिळणार नाही. किल्ली माझ्यापाशी आहे आणि ती कुठे आहे हे तुम्ही माझं घर जाळलंत तरी सापडायचं नाही."

"मेयर ओरडून हुकूम देत नसतो. रिवाज नाही."

"खोटं बोलायचा रिवाज होता वाटतं?"

मेयरचा चेहरा झग्याइतका लाल झाला. पण वेळ कुठे होता? टेकडीवर बसवलेल्या पहारेकऱ्याने शिंग फुंकलं होतं. लंडनच्या वाटेवर धूळ दिसत होती.

चौकात सगळा गाव जमला होता. सर जेर्वेस घोड्यावर बसून सफरचंद खात होता. हेमोला कोठडीतून आणलं. तो डोळे चोळत, ऊन बघून हसत उभा राहिला. लँबर्ट आणि फुल्क यांना शिपायांनी घरातून ओढून आणलं होतं. मेयर पायऱ्यांवर चढले, खाकरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने म्हणाले, "हेमो, मी हुकूम देतो. घंटा वाजव."

हेमो लगेच निघाला. त्याला एवढंच पुरेसं होतं. पण फुल्क जागचा हलेना.

"आणि उद्या?" फुल्क म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता. भीतीनेच मोठा झाला होता. "उद्या कुणी विचारलं, तर तुम्ही म्हणाल, फुल्कने आपल्या मर्जीने वाजवली. हेमोसारखंच. मी नाही जात वर."

"मीही नाही," लँबर्ट म्हणाला. "आम्हाला आमच्या मर्जीने काही वाजवायचं नाही. मेयरसाहेबांनी आधी सांगावं, की या गावात राजाच्या घंटा कुणाच्या हुकमाने वाजतात."

लोकांत कुजबुज झाली. खाटिक म्हणाला, "हो हो, सांगावं." पाव भाजणाऱ्यालाही आज सगळं ऐकू येत होतं. अ‍ॅव्हिस त्यांच्याकडे बघत राहिली. भावाच्या मानेसाठी तिने यांच्या दारात पदर पसरला तेव्हा एकाचीही जीभ उचलली नव्हती. आता स्वतःच्या मानेशी आलं तसे सगळे बोलायला लागले होते. तिला त्यांचे आभार मानावेसे वाटेनात, आणि पुढे जन्मभर वाटले नाहीत.

धूळ टेकडीच्या पायथ्याशी आली होती. मेयरना घाम फुटला.

"अरे गाढवांनो, हे काय विचारणं झालं?" ते ओरडले. "माझ्या! माझ्याच हुकमाने! माझ्या शब्दाशिवाय या गावात राजाच्या घंटेचा दोर हलत नाही!"

सर जेर्वेसने सफरचंद चावता चावता विचारलं, "कधीच नाही?"

"कधीच नाही, हुजूर! मी मेयर झाल्यापासून एकदाही नाही!"

बोलून झालं आणि हेन्रीच्या घंटांचा हुकूमही कबूल करून झाला, हे चौकातल्या पोरांनाही कळलं. मेयरना सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि हातातला हातमोजा गळून पायरीवर पडला. सर जेर्वेस खाली वाकून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याला राग आल्याचं दिसत नव्हतं. त्याला गंमत वाटत होती. तेच अ‍ॅव्हिसला सहन होईना. एका माणसाचा जीव आणि याला गंमत!

"घंटावाल्याला मोकळा करा," तो म्हणाला. "शपथेची गरज नाही, मेयरनीच ती घेतली. पिगट, आपण दोघं जेवताना बोलू."

बस. एवढंच. मेयरना कुणी कोठडीत नेलं नाही. त्यांच्या गळ्यातली साखळीही कुणी काढली नाही. गरीब माणसाने घंटा वाजवली तर फाशी, आणि ज्याने वाजवायला लावली त्याच्याशी कोंबडीच्या पायावर बोलणी! अ‍ॅव्हिसला ओरडावंसं वाटलं, पण हेमो तिच्याजवळ आला होता आणि विचारत होता, "किल्ली?" तिने कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून दिली. ती तिथेच होती.

घंटा सुरू झाल्या. काही म्हणा, हेमोला वाजवता येत होत्या. थोरली खोल, मधली तिच्या मागोमाग, धाकटी वर उडत. कोठडीत बसून बसून त्याचे खांदे आखडले असतील असं तिला वाटलं होतं, पण नादात कुठेही अडखळ नव्हती. लोक वेशीकडे धावले, टोप्या काढल्या, पोरांना खांद्यावर घेतलं.

धुळीतून निघाले ते लोकरीच्या गोण्या लादलेले खेचरांचे तांडे. त्यांच्यामागून एक स्वार आला. राजासाहेब खालच्या उताराने नदी ओलांडून पहाटेच पुढे गेले, असं त्याने सांगितलं. हे कुठलं गाव, असंही विचारलं.

सर जेर्वेसने घाईघाईने जेवण उरकलं आणि तो शिपाई घेऊन राजामागे निघून गेला. मेयरशी त्याचं काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. मात्र मेयर जेवून बाहेर आले तेव्हा साखळी जागच्या जागी होती. ज्याच्यापायी हेमोच्या गळ्याशी दोर आला होता त्या राजाला आल्डरफर्ड नावाचं गाव आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि घंटा अजून वाजतच होत्या.

फुल्कचे हात सोलवटले. लँबर्टची कंबर खरोखरच धरली. पण हेमो थांबेना आणि तो थांबेना म्हणून तेही थांबेनात. हुकूम वाजवायचा होता. थांबायचा हुकूम आला नव्हता. मेयरचा डावा कान दुखायला लागला. चौकातल्या गाई बुजल्या. शेवटी मेयरनी दुसऱ्या नोकराकडून डाव्या हाताचा हातमोजा पाठवला. मनोऱ्याच्या दारात अ‍ॅव्हिस बसली होती. तिने त्या पोराला बसायला सांगितलं आणि एक वाडगा दारू दिली. हातमोज्याकडे तिने पाहिलंही नाही.

मग मेयर आले. मनोऱ्याखाली उभे राहिले. तोंड उघडलं. काही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने!" अ‍ॅव्हिसने कानाशी हात नेऊन दाखवला.

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मान ताणली, शिरा फुगल्या, साखळी छातीवर उडाली. भोवती हळूहळू गाव जमला. मेयर रॅनल्फ पिगट लाल झग्यात टाचा उंचावून मनोऱ्याकडे तोंड करून ओरडत होते आणि वर थोरली घंटा त्यांचा प्रत्येक शब्द गिळत होती. किती वेळ ते चाललं कोण जाणे. मग हेमोने बहुधा खिडकीतून खाली पाहिलं, कारण घंटा एकाएकी थांबल्या आणि भर शांततेत मेयरचा चिरका आवाज अख्ख्या चौकभर गेला, "मी हुकूम देतो! मी! हेमो, माझा हुकूम आहे!"

कुणी तरी हसलं. अ‍ॅव्हिस हसली नाही. ती उठून मेयरच्या समोर जाऊन उभी राहिली.

"एवढंच तोंड सोमवारी उघडलं असतंत," ती म्हणाली, "तर माझा भाऊ त्या भोकात बसून स्वतःच्या मरणाची वाट बघत राहिला नसता."